आणि सोबत काय?

शेठचा निरोप घेऊन कोणी काँप्युटरवाल्या भाऊंच्या खोलीत गेलं, की ते मान वर करायचे नाहीत. समोरच्या पडद्याकडे बघतच विचारायचे, "आणि सोबत काय?"

"सोबत काय न्हाई. शेठनी बोलावलंय."

"कशाला?"

"ते न्हाई सांगितलं."

"शेठ हसत होते का कपाळाला आठ्या होत्या? बाकावर कोण बसलंय? चहा सांगितलाय का?"

"म्या न्हाई बगितलं, भाऊ."

"मग बघून या. एवढं लांब चालत आलात, ते मोकळ्या हातानं?"

आणि खरंच उठायचे नाहीत. निरोप घेऊन गेलेली बाई परत शेठच्या ओट्यापर्यंत जायची, बघायची, परत यायची. तोवर शेठच ओरडायला लागलेले असायचे. म्हणून नर्सरीतल्या आम्ही बायका त्यांना 'सोबतवाले' म्हणायचो. त्यांच्या तोंडावर भाऊ, माघारी सोबतवाले. त्यांना हे माहीत होतं. एकदा हिराबाई चुकून तोंडावर म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली, तर ते म्हणाले, "नाव बरं आहे. एकटेवाले म्हणण्यापेक्षा बरं."

आमची नर्सरी नारायणगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. टोमॅटो, मिरची, झेंडू, कोबी, अशी रोपं करायची. प्लास्टिकचे ट्रे, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, एकेका भोकात एकेक बी टाकायचं, वरून हिरव्या जाळीची सावली. रोप महिन्याभराचं झालं की शेतकरी येऊन न्यायचा. मी बी टाकायला होते. चौथी शिकलेली होते म्हणून ट्रेला लावायच्या चिठ्ठ्या वाचायचं कामही माझ्याकडेच आलं. मोठ्यानं वाचायला मला लाज वाटायची. मी पुटपुटायची आणि हिराबाई ते सगळ्यांना ऐकू जाईल असं परत म्हणायची.

धाकटे शेठ पुण्याला शिकून आले आणि त्यांनी ठरवलं की रोपांची मागणी काँप्युटरवर घ्यायची. गावोगावची औषध-बियाण्यांची दुकानं आमची गिऱ्हाईकं. डिंगोऱ्यात एक, अवसरी बुद्रुकला एक, आण्याला एक, अशी. दुकानात शेतकरी येणार, दुकानदार त्याच्या काँप्युटरवर वाण आणि रोपं किती ते टाकणार, ते आमच्याकडे येणार. हे करायला त्यांनी या भाऊंना आणलं. मूळचे डिंगोऱ्याचे. पुण्यात कुठल्या कंपनीत होते, तिथलं सोडून आलेले. पन्नाशीला आलेले असतील. का सोडलं, बायको-मुलं होती का नव्हती, हे कुणालाच कळलं नाही. सगळ्यांना 'आणि सोबत काय' विचारणाऱ्या माणसाला कोणी 'तुमच्यासोबत कोण' असं कधी विचारलं नाही.

बारा महिने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायचे. उन्हाळ्यातसुद्धा. जाळीखाली ओल असते, सापकिरडू निघतं, हे खरं. पण ते पत्र्याच्या खोलीत खुर्चीवर बसूनही बूट काढायचे नाहीत. काँप्युटरवर रोज संध्याकाळी धुतलेला पंचा घालायचे, गुरावर झूल टाकतात तसा. आणि पडद्यावर काही पाठवायचं असलं की बटण दाबताना हळूच म्हणायचे, "जाऊन ये."

हिराबाईनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती जाळीबाहेर येऊन पोट धरून हसली. "आगं बया, लेकीला सासरी लावून दिल्यावानी बोलतंय त्या डब्ब्याला."

"का बोलू नये?" ते आतून म्हणाले. "नुसतं 'जा' कसं म्हणायचं? जाणाऱ्यानं यायचं असतं."

त्यांचं जेवण आमच्या घरून जायचं. ते आमच्याच आळीत खोली घेऊन राहायचे आणि सासूबाईंनी त्यांचा डबा धरला होता. मी सकाळी कामावर येताना घेऊन यायची, संध्याकाळी रिकामा घेऊन जायची. रिकामा म्हणते, पण तो कधी रिकामा आला नाही. शेजारणीचं भांडं परत देताना त्यात काहीतरी घालून द्यावं, अगदीच काही नसलं तर साखरेचे चार दाणे, ही आपल्याकडची रीत. पण ती बायाबायांत. डबा लावलेल्या माणसाला ती लागू नाही. ते मात्र पाळायचे. कधी चिंचेचं बोटूक, कधी कढीपत्त्याचा डहाळा, कधी गुळाचा खडा. काहीच मिळालं नाही तर झेंडूचं फूल. एकदा डब्यात स्क्रू निघाला. सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला.

"हे काय चावायचंय का काय मी?"

"तुमच्या शिलाई मशीनचा हालतोय म्हणाला होतात ना, आत्या," मी म्हटलं. "मी त्यांना सांगितलं होतं मागं."

सासूबाईंनी मशीनला बसवून बघितला, तर बसला. "येडं हाय," त्या म्हणाल्या, "पर रीतभात हाय."

काँप्युटरवर ते काय करतात ते आम्हाला कळावं, असं त्यांना फार वाटायचं. कशाला वाटायचं कोण जाणे. एक दिवस दुपारच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं. आधी जुन्या पद्धतीनं दाखवलं. बटण दाबलं की पडद्यावरचं सगळं पान पांढरं व्हायचं, मग पुन्हा हळूहळू भरायचं. फोनच्या तारेवरचं इंटरनेट, गावात दिवसा वीज जाणार. पान पांढरं झालं की दुकानदाराला वाटायचं, बिघडलं. मग त्यांनी त्यांचं नवीन दाखवलं. बटण दाबलं, "जाऊन ये" म्हणाले, आणि पान जिथल्या तिथं राहिलं. फक्त खाली कोपऱ्यात एक ओळ उमटली, 'मागणी मिळाली.'

"याला अजॅक्स म्हणतात," ते म्हणाले.

"करप्यावर चालतं का?" हिराबाईनं विचारलं. "का नुसतं अळीवरच?"

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "हिराबाई, तुम्ही सगळ्या बायका ट्रे भरताय. पाणी प्यायचंय. तर सगळ्याजणी काम टाकून नळावर जाता का?"

"मंग शेठ काय करंल आमचं?"

"एकच जाते ना कळशी घेऊन? बाकीच्या बसल्या जागी काम करतात. तसंच हे. पान बसलेलं राहतं, एकटा निरोप जाऊन येतो. आता ऐका. ती नळावर जातेच आहे, तर तिच्या दुसऱ्या हातात काहीतरी द्यावं की नाही? जाताना उष्टी भांडी न्यावी, येताना वाळलेली गोणपाटं आणावी. फेरी तीच. या निरोपाच्या दुसऱ्या हातात आणखी काय द्यायचं, तेवढं मला ठरवता येतं."

पुढं बरंच बोलले. दुकान कुठलं, किती वाजता मागणी टाकली, हे त्यांनी न विचारता सोबत जाईल असं केलं होतं. दुकानदाराला ते पडद्यावर दिसायचंही नाही. "पण माणसाच्या मनात काय आहे ते यंत्राला आपसूक समजत नाही," ते म्हणाले. "ते विचारावंच लागतं."

आणि त्यांनी विचारलं. वाण आणि रोपं किती, याच्या खाली त्यांनी एक रिकामी चौकट केली. तिच्यावर लिहिलं, 'सोबत.' शेतकरी तोंडानं जे सांगेल ते दुकानदारानं तिथं लिहायचं.

त्या चौकटीनं आमच्या जाळीखाली माणसं आली. आधी चिठ्ठीवर नाव, गाव, वाण असायचं. आता माझ्या पुटपुटण्यात आणि हिराबाईच्या ओरडण्यात असलं काही यायला लागलं, 'मुलीचं लग्न आहे, आठवडाभर उशिरा नेईन.' 'मोटर जळाली आहे, भरून आणल्यावर येतो.' 'मागच्या खेपेला रोपं फार कवळी दिली होती.' अवसरीच्या एका म्हाताऱ्यानं लिहून घेतलं होतं, 'पहिल्यांदाच मिरची लावतोय, आपलं म्हणून बघा.' आम्ही सगळ्यांनी तो ट्रे आपलं म्हणूनच बघितला. लग्नवाल्याचं पाणी आम्ही जरा तोडायचो, रोपं उन्हात सरकवायचो, म्हणजे ती आखूड आणि टणक राहतात, चार दिवस जास्त धरतात. घाई असणाऱ्याचं उबेला ठेवायचो. हिराबाई ट्रेंना हाका मारायची, "ए मोटर जळालेल्या, बस गप उन्हात." मी इतकी वर्षं बी टाकलं, पण कोणाचं टाकतेय हे मला त्याच दिवसांत कळत होतं.

धाकट्या शेठना ते आवडत नव्हतं. चौकट ठेवा, पण सक्ती नको, असं त्यांचं म्हणणं. कारण भाऊंनी असं केलं होतं की चौकट रिकामी असली तर मागणी जायचीच नाही. पडद्यावर लाल अक्षरात यायचं, 'आणि सोबत काय?'

"दुकानदार शिव्या देतात मला फोनवर," धाकटे शेठ म्हणाले. आम्ही बाहेर ट्रे धूत होतो, सगळं ऐकू येत होतं. "परवा एकानं लिहिलंय 'रामराम'. एकानं लिहिलंय 'तुझं डोकं'. हे ट्रेला चिकटवायचं का मी?"

"शिव्या देणारासुद्धा काहीतरी देतोय," भाऊ म्हणाले.

"अहो, पण ज्याला काही सांगायचंच नाही त्यानं काय करावं?"

"असा माणूस नसतो. विचारलं नाही म्हणून सांगत नाही. भांडं रिकामं पाठवायची सवय लागली की माणसं तुटतात, शेठ. मी तुटलेली बघितलीयत."

शेवटचं वाक्य ते हळू बोलले. चौकट राहिली.

याच दिवसांत आण्याच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. आणे म्हणजे पठार. पाऊस पडला तर पडला, एरवी तिथं पाण्याची नुसती वाट बघायची. आणि आण्याच्या दुकानातून येणाऱ्या प्रत्येक मागणीसोबत एकच ओळ, 'पाणी आहे. लवकर पाहिजे.'

"आण्याला धरण बांधलं का काय?" हिराबाई म्हणाली. "जो उठतो त्याला पाणीच पाणी. माझ्या भावाची तिथली सोयरीक मोडली पाण्यापायी, आता पुन्हा जमवते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. भाऊ दारातच उभे होते, ते मात्र हसले नाहीत. "माणसानं सांगितलेलं तपासत बसू नये, हिराबाई," ते म्हणाले. "पाणी आहे म्हणालाय तर आहे."

म्हणून आम्ही आण्याचे ट्रे उबेला ठेवले, पाणी-खत वेळेवर दिलं, रोपं भराभर वाढवली. पहिले काही शेतकरी आले, घेऊन गेले. त्यांना घाईच असावी.

मग एक दिवस ती बाई आली. चैत्रातली सकाळ होती, ऊन तापायला लागलं होतं. आण्याहून एस.टी.नं आली होती. माझ्याच वयाची असेल. हातात स्टीलचा डबा. आल्या आल्या तिनं शेठना नाही, आधी आम्हा बायकांना त्यातला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद वाटला.

"इहिरीला पाणी लागलं काल," ती म्हणाली. "लई दिस खोदत व्हतो. सुरुंग लावून लावून दगूडच निघायचा. काल झरा फुटला. नारळ वाढावला आन पहिल्या गाडीनं आले बगा. माझी रोपं कुटं हायेत?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिचे ट्रे कधीचे तयार होऊन बसले होते. लवकर पाहिजे म्हणून लवकर केलेले. नेणारं कोणी आलं नाही, आणि रोप काही थांबत नाही. टोमॅटो हातभर लांबला होता, दांडा सुतासारखा, खालची पानं पिवळी, निम्मी रोपं एकमेकांवर आडवी पडलेली. हिराबाईसारखी बाई, पण तिनंही नुसतं बोट दाखवलं.

ती बाई ट्रेपाशी बसली. एक रोप उचललं तर ते बोटावरच वाकलं.

"असं कसं झालं?"

धाकटे शेठ चिठ्ठी घेऊन आले. ते काही वाईट माणूस नव्हते, नीटच बोलले. "बाई, तुमच्या मागणीवरच लिहिलंय. पाणी आहे, लवकर पाहिजे."

"म्या असं कशाला म्हणंन? म्या तर दुकानात सांगितलं व्हतं, इहिरीचं काम चालूय, पाणी लागलं का न्हेते, रोपं दमानं वाढवा म्हणून. चारदा सांगितलं त्याला. तो म्हणला, हां हां, लिव्हतो."

भाऊ आले होते. बूट घातलेले, डोळे बारीक केलेले. त्यांनी तिला परत विचारलं, "तुम्ही काय सांगितलं होतं, ताई? जसंच्या तसं सांगा."

तिनं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "मालक पुण्याला गाडीवर हायेत. मला म्हणले, एवढा हंगाम बघ. इहिरीनं साथ दिली न्हाई, पीक निघालं न्हाई, तर गाठोडं बांध आन चल पुण्याला, रान पडू दे. म्या हा एक हंगाम मागून घेतला व्हता वो."

ती रडली नाही. ते आडवं पडलेलं रोप ती पुन्हा पुन्हा उभं करत होती.

भाऊ खोलीत गेले. थोड्या वेळानं मी त्यांचा डबा द्यायला गेले तर पडद्यावर आण्याच्या साऱ्या मागण्या एकाखाली एक लावलेल्या. सगळ्यांसोबत तीच ओळ. पाणी आहे, लवकर पाहिजे. पाणी आहे, लवकर पाहिजे. त्यांनी दुकानदाराला फोन लावला होता, तो नुकताच ठेवलेला.

"तो म्हणतो, पहिल्या शेतकऱ्यानं तसं सांगितलं होतं, ते लिहिलं तर मागणी गेली," भाऊ म्हणाले. माझ्याशी का पडद्याशी, कळत नव्हतं. "मग प्रत्येक वेळी तेच लिहीत गेला. कारण ते लिहिलं की जातं. त्याला दुसऱ्या गिऱ्हाईकाला औषध द्यायचं असतं. त्याचं काय चुकलं?"

मी डबा टेबलावर ठेवला. असल्या वेळी मला बोलता येत नाही.

"मी भांडं भरूनच मागत होतो," ते म्हणाले. "भरूनच द्या, नाहीतर घेत नाही. मग लोकांनी खडे भरून दिले. आणि मी ते शिजत घातले."

बाहेर मोठे शेठ आले होते. त्यांनी तिला सांगितलं की ट्रे नवीन भरून देतो, काही द्यायचं नाही. पण नवीन रोप व्हायला महिना, तोवर उन्हाळ्याची लावण सरणार. आता पावसाळ्याच्या तोंडीच लावायचं, आणि तोवर विहिरीतलं पाणी टिकतं का नाही ते कोणाला माहीत. ती "बरं" म्हणाली. निघताना तिचा रिकामा झालेला डबा हिराबाईनं ओढून घेतला आणि त्यात आपल्या जेवणातली भाकरी आणि ठेचा भरला. मी माझी भाजी घातली. भाऊ दारात उभे होते. ते पुढं आले, खिशात हात घातला, खिसा चाचपला, आणि तसेच मागं गेले. ती गेटातून बाहेर पडेपर्यंत ते खिशातच हात घालून उभे होते.

त्यानंतर त्यांनी चौकट काढून टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. धाकटे शेठ उलट म्हणाले, राहू द्या, फक्त सक्ती काढा. "नको," भाऊ म्हणाले, "मला नीट विचारता आलं नाही." त्यांनी तिचे नवे ट्रे मात्र स्वतः बघितले. बूट घालून सकाळ-संध्याकाळ त्यांच्याजवळ उकिडवे बसायचे. रोपं चांगली झाली. तयार झाल्यावर शेठनी गाडीतून आण्याला पोचवली. भाऊ गाडीबरोबर जातील असं आम्हाला वाटलं होतं, पण गेले नाहीत.

चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. नाव, गाव, वाण. काम झटपट व्हायचं, दुकानदार खूश होते. हिराबाई ट्रेंना हाका मारायची थांबली, कारण हाक मारायला काही नव्हतं. भाऊंची खोडही कमी होत गेली. एकदा मी शेठचा निरोप घेऊन गेले. त्यांच्यामुळे मला सवय लागली होती, निरोप घेताना सगळं बघून ठेवायची. शेठ चष्मा पुसत होते, बाकावर दोन पावणे, चहा सांगितलेला, एकाच्या पायात नवी कोरी चप्पल. हे सगळं तोंडात घोळवत मी दारात उभी राहिले.

"शेठनी बोलावलंय," मी म्हटलं.

"आलो," ते म्हणाले आणि उठले. मी उभीच राहिले. माझ्याजवळचं सगळं माझ्याजवळच राहिलं.

पावसाळा लागता लागता एका संध्याकाळी मी डबा घ्यायला गेले. काँप्युटरवर पंचा घातला होता. खोली झाडलेली. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, घासूनपुसून लख्ख केलेला.

"येतो, ताई," ते म्हणाले.

ते रोजच म्हणायचे, त्यामुळे मला काही वाटलं नाही. मीही मान हलवली आणि निघाले. रस्त्यानं चालताना डबा हलका लागत होता. आतून काही वाजत नव्हतं. घरी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे तो उघडला, उलटा केला, झाकणात बघितलं.

"काय गं, रिकामा?"

"हो."

"मोकळाच दिला त्येंनी?"

"हो, आत्या."

सासूबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. "मंग गेला तो," त्या म्हणाल्या. "भांडं मोकळं आलं म्हंजी माणूस परत यायचं न्हाई."

सकाळी त्यांच्या आळीतल्या खोलीला कुलूप नव्हतं. किल्ली घरमालकाकडे दिलेली आणि रबरी बूट दाराशी धुऊन ठेवलेले. तोंडानं 'येतो' म्हणाले होते. डब्यानं खरं सांगितलं होतं, आणि मी ते हातात घेऊन घरापर्यंत चालत आले होते. त्यांनी रोज सगळ्यांना विचारलेले ते तीन शब्द त्या संध्याकाळी त्यांना विचारले असते, तर कदाचित काही सांगितलं असतं. कदाचित नसतंही. पण तेवढे तीन शब्द तर मला येत होते.

दिवाळीच्या आधी आण्याची ती बाई पुन्हा आली. या खेपेला पिशवी भरून टोमॅटो आणि बाजरीचं पीठ. ती आली ती सरळ त्यांच्या खोलीकडेच गेली. तिथं आता धाकट्या शेठचा पुण्याचा कोणी मित्र बसायचा.

"ते बुटवाले कुटं हायेत?" तिनं मला विचारलं. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या, मी एकटीच होते.

"गेले ते. कुठं गेले, म्हाईत न्हाई."

"अगं बाई." तिनं पिशवी खाली ठेवली. "त्येंना सांगायचं व्हतं. त्या दिशी त्येंचं तोंड बगवंना मला. माझ्यापरीस त्येंनाच जास्त लागलं व्हतं." मग तिनं त्यांच्यासाठी निरोप सांगायला सुरुवात केली, आणि मी नेहमीसारखी बघूनही घेत होते. डोक्यावरचा पदर नवा होता. तळव्यांना टोमॅटो तोडल्याचा हिरवा-काळा डाग होता. बोलताना मध्ये मध्ये हसत होती.

डिंगोऱ्याला माझी एक मावशी होती. तिच्याकडे गेले तेव्हा लाज बाजूला ठेवून मी भाऊंच्या घराची चौकशी केली. घर होतं, दाराला गंजलेलं कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, कधीतरी येतो, एक रात्र राहतो, जातो. निरोप ठेवू का, म्हटलं. त्या म्हणाल्या, ठेव, पण माझ्या ध्यानात राहील असा लहान सांग. मी लहान सांगितला नाही. लहान सांगून काय उपयोग, तो भाऊंनी परतच पाठवला असता. म्हणून काहीच न सांगता आले.

आता माझ्या हातात फोन आहे. लेक पुण्याहून दोन शब्द पाठवते, 'पोचले आई'. मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसते आणि मग एकेक अक्षर शोधून लिहिते, 'आणि सोबत काय?' ती हसण्याचं चित्र पाठवते. मग फोनच करते आणि पाऊस होता का, कोण शेजारी बसलं होतं, सगळं सांगते.

आण्याच्या बाईनं भाऊंसाठी दिलेला निरोप मात्र माझ्याकडेच पडून आहे. कधी वाटतं, वर्षं जातील तसा मी तो पुसट करून टाकीन. म्हणून आज जसाच्या तसा लिहून ठेवते.

त्येंना म्हणावं, पाणी टिकलं. उशिरा लावली पर रोपं लई टणक व्हती, एक मेलं न्हाई. मालकच पुण्याची गाडी सोडून आलेत, म्हणले ऱ्हाऊ हितंच. आमी आण्यातच हाय. आन त्येंना म्हणावं, पिशवी मोकळी परत पाठवू नका, त्यात तुमी कसे हाय तेवढं घालून पाठवा.